जे. आर. जयवर्धने : धम्मवचन आणि राज्यव्यवहार

श्रीलंकेविषयी भारतातील बौद्धांच्या मनात स्वाभाविक आपुलकी आहे. सम्राट अशोकाच्या काळी महेंद्र स्थविर आणि संघमित्रा थेरी यांनी ज्या बेटावर धम्म नेला, जेथे अनुराधपूरला बोधिवृक्षाची शाखा रुजली आणि जेथे तिपिटक प्रथम लेखनिविष्ट झाले, त्या भूमीचे ऋण आम्ही मान्य करतो. भारतातून धम्म लुप्तप्राय झाला असता तो ज्यांनी जतन केला, त्यांत सिंहली भिक्खुसंघाचे स्थान अग्रगण्य आहे. तथापि आपुलकी ही इतिहासाची कसोटी होऊ शकत नाही. एखादा राज्यकर्ता बौद्ध आहे, विहारांना दान देतो व सभांतून धम्मवचने उद्धृत करतो, एवढ्यावरून त्याचे राज्य धम्मराज्य ठरते काय, हा प्रश्न अभ्यासकाने विचारलाच पाहिजे. या प्रश्नाची उकल करण्यास श्रीलंकेचे पहिले कार्यकारी राष्ट्राध्यक्ष ज्युनियस रिचर्ड जयवर्धने यांच्या चरित्राइतके बोधप्रद उदाहरण आधुनिक काळात क्वचितच सापडेल.

घराणे आणि धम्मस्वीकार

जयवर्धने यांचा जन्म १७ सप्टेंबर १९०६ रोजी कोलंबो येथे झाला. वडील यूजीन विल्फ्रेड जयवर्धने हे सिलोनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. मातुल घराणे विजेवर्धने यांचे. केलनिया येथील प्राचीन विहाराच्या जीर्णोद्धारास या घराण्याचा मोठा आश्रय लाभला होता, आणि मामा डी. आर. विजेवर्धने हे बेटावरील सर्वांत प्रभावी वृत्तपत्रसमूहाचे संस्थापक होते. ब्रिटिश अमदानीतील बहुतेक उच्चभ्रू कुटुंबांप्रमाणे या मुलाचे बालपण ख्रिस्ती वातावरणात गेले. रॉयल कॉलेज आणि कोलंबो लॉ कॉलेज येथे त्यांचे शिक्षण झाले. तारुण्यात त्यांनी बौद्ध धर्म स्वीकारला. हा स्वीकार केवळ सोयीचा होता, असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी बौद्ध विषयांवर निबंध लिहिले. बुद्धविचार आणि मार्क्सवाद यांची तुलना हाही त्यांच्या लेखनाचा विषय होता. त्यांचे वाचन वरवरचे नव्हते, हे मान्य केल्यावाचून पुढील इतिहासाचे मर्म कळणार नाही.

वकिली सोडून ते सिलोन नॅशनल काँग्रेसच्या कार्यात पडले. १९४० साली रामगढ येथे भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अधिवेशनास ते उपस्थित होते. १९४३ मध्ये केलनिया मतदारसंघातून ते स्टेट कौन्सिलवर निवडून आले. १९४६ साली डी. एस. सेनानायके यांच्या नेतृत्वाखाली युनायटेड नॅशनल पार्टी स्थापन झाली, तेव्हा ते तिच्या अग्रणींपैकी एक होते, आणि १९४७ च्या मंत्रिमंडळात वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी अर्थमंत्री झाले. हा पक्ष जमीनदार, मळेवाले व व्यापारी यांचा आणि इंग्रजी शिक्षण घेतलेल्या वर्गाचा होता. मालमत्तेचे रक्षण, सुव्यवस्था, पाश्चात्त्य राष्ट्रांशी मैत्री आणि डाव्या चळवळीला विरोध ही त्याची चतुःसूत्री होय. या अर्थाने जयवर्धने आजन्म परंपरानिष्ठ, स्थितिवादी नेते राहिले. १९५० साली स्थापन झालेली मध्यवर्ती बँक आणि त्याच वर्षी कोलंबो परिषदेतून आकारास आलेली कोलंबो योजना या दोहोंत त्यांचा वाटा होता.

याच १९५० सालच्या मे महिन्यात जागतिक बौद्ध भ्रातृत्व परिषदेचे पहिले अधिवेशन श्रीलंकेत भरले आणि त्यास भारताचे तत्कालीन विधिमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित राहिले. आपल्या दृष्टीने या योगायोगाला महत्त्व आहे. एकाच बेटावर, एकाच महिन्यात, एका बाजूस सत्तेवर असलेल्या वर्गाचा बौद्ध धर्म होता आणि दुसऱ्या बाजूस माणूसपणाच्या शोधात निघालेल्या बहिष्कृतांचा प्रतिनिधी होता.

सॅन फ्रान्सिस्को येथील भाषण

जपानशी शांतता-करार करण्यासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे परिषद भरली. भारताने तीत भाग घेतला नाही. सिलोनचे प्रतिनिधी म्हणून जयवर्धने गेले. ६ सप्टेंबर रोजी त्यांनी केलेले भाषण बौद्ध जगताने अद्याप विसरलेले नाही. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी कोलंबो व त्रिंकोमाली येथे बॉम्बवर्षाव केला होता. युद्धकाळात रबराच्या झाडांची बेसुमार चिरणी होऊन मळ्यांची हानी झाली होती. नुकसानभरपाई मागण्याचा सिलोनला अधिकार होता. जयवर्धने यांनी तो सोडून दिला, आणि तसे करताना आधार घेतला धम्मपदाच्या यमकवग्गातील पाचव्या गाथेचा. वैराचे शमन अवैरानेच होते, हा तिचा आशय प्रत्येक उपासकास परिचित आहे.

या भाषणाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पराभूत राष्ट्रावर सूड उगवण्याची भाषा जगभर चालू असता एका लहान देशाचा मंत्री आंतरराष्ट्रीय व्यासपीठावरून तथागतांचे वचन राजनीतीचे तत्त्व म्हणून मांडतो, ही घटना असाधारण होती. जपानी जनतेने ती कृतज्ञतेने जपली. कामाकुरा येथील महाबुद्ध-मूर्तीच्या परिसरात १९९१ साली जयवर्धने यांचे स्मारक उभारण्यात आले व त्यावर तोच आशय कोरण्यात आला.

परंतु जपान दूर होता. शिवाय जपानला क्षमा केल्याने जयवर्धने यांचे एकही मत घटणार नव्हते. अवैराची खरी परीक्षा दूरच्या पराभूत शत्रूशी वागताना होत नाही. रोज ज्याच्याशी भाषा, जमीन आणि नोकऱ्या वाटून घ्यावयाच्या असतात, त्या शेजाऱ्याशी वागताना ती होते. त्या परीक्षेचा वृत्तांत वेगळा आहे.

शेजाऱ्याशी व्यवहार

ज्या मंत्रिमंडळात जयवर्धने अर्थमंत्री होते, त्याच मंत्रिमंडळाने १९४८ चा नागरिकत्व कायदा केला. या कायद्याने आणि पुढील वर्षीच्या मतदानविषयक तरतुदींनी चहामळ्यांत राबणारे सुमारे सात लाख भारतीय वंशाचे तमिळ मजूर नागरिकत्वाला व मताधिकाराला मुकले. हे मजूर बहुतांशी दक्षिण भारतातील दलित व भूमिहीन कुटुंबांतून गेलेले होते, हे आम्ही विसरू शकत नाही. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी देशाची संपत्ती निर्माण केली, ते स्वतंत्र देशात कोणाचेच राहिले नाहीत.

भाषेच्या प्रश्नावर त्यांची भूमिका अनेकदा बदलली. इंग्रजीच्या जागी सिंहली भाषा राज्यभाषा व्हावी असा ठराव त्यांनी स्टेट कौन्सिलमध्ये आणला. १९४४ मध्ये त्यावर चर्चा होऊन तमिळ भाषेचाही समावेश करणारी दुरुस्ती आली व त्यांनी ती स्वीकारली. मात्र १९५६ च्या निवडणुकीपूर्वी त्यांच्या पक्षाने केवळ सिंहलीचा पुरस्कार केला. तरीही बंडारनायके यांच्या लाटेपुढे पक्षाचे आठच उमेदवार निवडून आले आणि केलनियात स्वतः जयवर्धने पराभूत झाले.

पुढील वर्षी, जुलै १९५७ मध्ये, पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात करार झाला. तमिळ भाषेला प्रशासनात काही स्थान आणि प्रादेशिक मंडळांना मर्यादित अधिकार, एवढाच त्याचा आशय होता. जयवर्धने यांनी या कराराविरुद्ध ऑक्टोबर १९५७ मध्ये कोलंबोहून कॅंडीच्या दंतधातू मंदिराकडे पदयात्रा काढली. ती इम्बुलगोडा येथे अडविण्यात आली व पुढे जाऊ शकली नाही. पण तिने मने पेटविण्याचे काम केले. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या निवासस्थानी धरणे धरले आणि करार रद्द झाला. त्यानंतर मे महिन्यात दंगली उसळल्या. २५ सप्टेंबर १९५९ रोजी बंडारनायके यांच्यावर चीवरधारी इसमाने गोळ्या झाडल्या व दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला.

येथे १९५६ या वर्षाचे स्मरण करणे आवश्यक आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणाच्या अडीच हजाराव्या वर्षी नागपूरला लाखो अस्पृश्यांनी धम्मदीक्षा घेऊन जन्मसिद्ध विषमतेचा त्याग केला. त्याच वर्षी समुद्रापलीकडे तोच धम्म बहुसंख्याकांच्या वर्चस्वाचे निशाण म्हणून राजकारणात फडकविला जात होता. एकच नाव धारण करणाऱ्या या दोन प्रवाहांतील भेद बौद्धांनी स्पष्टपणे ओळखला पाहिजे.

धर्मिष्ठ समाजाची घोषणा

१९७३ मध्ये डड्ली सेनानायके यांच्या निधनानंतर पक्षाचे नेतृत्व जयवर्धने यांच्याकडे आले. टंचाई, रांगा आणि बेकारी यांनी गांजलेल्या जनतेपुढे त्यांनी ‘धर्मिष्ठ समाजा’चे आश्वासन ठेवले. जुलै १९७७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाला १६८ पैकी १४० जागा मिळाल्या. मते मात्र निम्म्याहून थोडी अधिक होती. ४ फेब्रुवारी १९७८ रोजी ते कार्यकारी राष्ट्राध्यक्ष झाले व त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे संविधान अमलात आले. १९७२ च्या संविधानाप्रमाणे याही संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान देण्यात आले. त्याचबरोबर तमिळला राष्ट्रीय भाषेचा दर्जा मिळाला, ही नोंद न्यायबुद्धीने केली पाहिजे. अर्थव्यवस्था खुली झाली, महावेली नदीवरील धरणांना वेग आला, परदेशी भांडवल आले.

धर्मिष्ठ राज्य म्हणजे काय, हे ठरविण्यासाठी परक्या मोजपट्टीची गरज नाही. पालि वाङ्मयात राजाचे दहा धर्म सांगितले आहेत : दान, शील, परित्याग, ऋजुता, मृदुता, तप, अक्रोध, अविहिंसा, क्षांती आणि अविरोध. अविरोध म्हणजे प्रजेच्या इच्छेस आडवे न जाणे, असा अर्थ आधुनिक भाष्यकार करतात. दीघनिकायातील कूटदंत सुत्तात राज्यातील अशांतीवर उपाय सांगितला आहे तो दंडाचा नव्हे : शेतकऱ्यास बियाणे, व्यापाऱ्यास भांडवल आणि राजसेवकास योग्य वेतन द्यावे. अग्गञ्ञ सुत्तात पहिला राजा महासंमत होता. म्हणजे लोकांनी निवडलेला होता.

आता या मोजपट्टीने पाहू. जुलै १९८० मध्ये महागाईने पिचलेल्या सरकारी सेवकांनी व कामगारांनी वेतनवाढीसाठी संप केला, तेव्हा चाळीस हजारांच्या आसपास लोकांना नोकरीतून काढण्यात आले. ऑक्टोबर १९८० मध्ये प्रमुख प्रतिस्पर्धी श्रीमती सिरिमावो बंडारनायके यांचे नागरी हक्क सात वर्षांसाठी हिरावून घेतले गेले. ऑक्टोबर १९८२ मध्ये जयवर्धने राष्ट्राध्यक्षपदी पुन्हा निवडून आले आणि लगेच, संसदेची निवडणूक न घेता तिचीच मुदत सहा वर्षांनी वाढवावी काय, असा कौल त्यांनी जनतेकडे मागितला. २२ डिसेंबरच्या त्या मतदानात होकारासाठी दिवा आणि नकारासाठी घडा ही चिन्हे होती. दिवा जिंकला, पण १९७७ चे प्रचंड बहुमत त्यामुळे १९८९ पर्यंत अबाधित राहिले. पक्षाच्या खासदारांकडून तारीख न घातलेली राजीनामापत्रे आधीच लिहून घेतलेली होती.

या कौलाच्या वेळी घडलेला एक प्रसंग भिक्खुसंघाशी संबंधित आहे. ‘पविदि हंड’ म्हणजे प्रव्रजितांचा आवाज या संघटनेने मुदतवाढीस विरोध करणारी पत्रके छापली होती. पोलिसांनी ती जप्त केली. संघटनेचे चिटणीस असलेले भिक्खू सर्वोच्च न्यायालयात गेले. १९८३ च्या आरंभी न्यायालयाने मूलभूत हक्काचा भंग झाल्याचा निर्णय देऊन पोलीस अधिकाऱ्यास भरपाई देण्यास फर्माविले. शासनाने त्या अधिकाऱ्यास बढती दिली. ज्या संविधानात बौद्ध धर्माला अग्रस्थान होते, त्याच संविधानाखाली भिक्खूचा विरोधी आवाज दडपणारा पुरस्कृत झाला. धर्माला दिलेले अग्रस्थान राजाला आवर घालत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते द्यावे?

ग्रंथदाह आणि जुलै १९८३

३१ मे १९८१ च्या रात्री जाफना येथील सार्वजनिक ग्रंथालय पोलीस व त्यांच्यासमवेतच्या जमावाने पेटविले. सुमारे ९७,००० ग्रंथ आणि ताडपत्रावरील दुर्मिळ हस्तलिखिते भस्मसात झाली. जयवर्धने यांचे दोन मंत्री त्या वेळी त्याच शहरात होते. नालंदेच्या ग्रंथालयाच्या विध्वंसाचे दुःख आम्ही आजही उगाळतो; बौद्ध राष्ट्रात झालेल्या या ग्रंथदाहाविषयी मात्र आमच्या नियतकालिकांतून फारसे लिहिले गेले नाही.

२३ जुलै १९८३ रोजी जाफनाजवळ तमिळ सशस्त्र गटाच्या हल्ल्यात १३ सैनिक ठार झाले. दुसऱ्या दिवसापासून कोलंबोत तमिळांची घरे, दुकाने आणि कारखाने जळू लागले. मतदारयाद्या हाती घेतलेले जमाव घरे हुडकीत होते. वेलिकडा तुरुंगात २५ व २७ जुलै रोजी ५३ तमिळ बंद्यांची हत्या झाली. मृतांचा शासकीय आकडा चारशेच्या आत होता. इतर अंदाज तीन हजारांपर्यंत जातात. राष्ट्राध्यक्ष पहिले चार दिवस जनतेशी बोलले नाहीत. २८ जुलै रोजी ते दूरचित्रवाणीवर आले, तेव्हा मृतांच्या आप्तांसाठी सांत्वनाचा शब्दही त्यांनी उच्चारला नाही. फुटीरतेस बंदी घालणाऱ्या कायद्याची घोषणा मात्र केली. सॅन फ्रान्सिस्कोला उच्चारलेल्या गाथेची आत्यंतिक गरज होती ती या दिवशी, आणि याच दिवशी ती उच्चारली गेली नाही.

सिंहली परंपरेतही त्यांना आधार सापडला असता. महावंसाविषयी जयवर्धने यांना अभिमान होता. त्या ग्रंथाचा पुढील भाग त्यांच्याच काळात शासकीय आश्रयाने रचला गेला. दुट्ठगामणी राजाने तमिळ राजा एळाराचा पराभव केला, ही त्यातील सर्वाधिक गाजलेली कथा. युद्धातील मनुष्यवधाने व्यथित झालेल्या राजाचे समाधान करताना, मारले गेलेल्यांत माणूस म्हणून गणावेत असे दीडच होते, असे अर्हतांच्या तोंडी घातलेले वचन याच ग्रंथात आहे. आमच्या मते हा भाग बुद्धवचनाशी सर्वथा विसंगत आहे. परंतु त्याच प्रकरणात हेही सांगितले आहे की, दुट्ठगामणीने मृत एळाराचा यथोचित सन्मान केला, त्याचे स्मारक उभारले आणि तेथून जाताना वाद्ये बंद ठेवण्याची प्रथा पडली. परंपरेतून काय उचलावयाचे, हे राज्यकर्त्याच्या शीलावर अवलंबून असते.

वर्तुळाची पूर्तता

हिंसा एकतर्फी होती असे आम्हास सुचवावयाचे नाही. १४ मे १९८५ रोजी अनुराधपूर येथे तमिळ वाघांनी बोधिवृक्षाच्या परिसरात भाविकांसह शंभराहून अधिक निरपराध माणसे मारली. जून १९८७ मध्ये अरंतलावा येथे तीसहून अधिक भिक्खू व श्रामणेर कापले गेले. वैर वैराला जन्म देत गेले.

अखेरीस २९ जुलै १९८७ रोजी जयवर्धने यांनी राजीव गांधी यांच्याशी करार केला. प्रांतिक परिषदा स्थापन करण्याचे आणि तमिळला राजभाषेचे स्थान देण्याचे त्यांनी मान्य केले. १३ व्या घटनादुरुस्तीने ते अमलात आले. त्याला विरोध करण्यासाठी भिक्खू आणि तरुण रस्त्यावर उतरले. तीस वर्षांपूर्वी याहून कमी अधिकार देणाऱ्या करारास मोडण्यासाठी जे गृहस्थ पदयात्रेस निघाले होते, त्यांच्याच विरुद्ध आता तीच घोषणा होती. १९८८ मध्ये उरलेल्या राज्यहीन मळेकामगारांना नागरिकत्व देणारा कायदाही त्यांच्याच कारकीर्दीत झाला. चाळीस वर्षांपूर्वीचा अन्याय अंशतः धुतला गेला. परंतु मधल्या काळात दोन पिढ्या होरपळल्या होत्या, उत्तरेत भारतीय शांतिसेना युद्धात गुंतली होती आणि दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुनाचा उठाव चालू होता. २ जानेवारी १९८९ रोजी जयवर्धने पदावरून निवृत्त झाले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. युद्ध मे २००९ पर्यंत चालले. त्यात ऐंशी हजार ते एक लाख माणसे मृत्युमुखी पडल्याचा अंदाज आहे.

आमचा निष्कर्ष

जयवर्धने ढोंगी होते, असा निर्णय देऊन मोकळे होणे सोपे आहे; पण त्याने काही शिकता येत नाही. त्यांना धम्म ठाऊक होता आणि बहुधा प्रियही होता. त्यांनी त्याला राज्याचे भूषण मानले, राज्यकर्त्याचे बंधन मानले नाही. भूषण सोयीच्या दिवशी अंगावर चढविता येते व गैरसोयीच्या दिवशी उतरवून ठेवता येते. बंधनाचे तसे नसते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात धम्माचे मर्म माणसामाणसांतील उचित व्यवहारात पाहिले. पण केवळ सत्ताधाऱ्याच्या सद्भावनेवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. संविधान सभेतील २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, राजकारणातील व्यक्तिपूजा हुकूमशाहीकडे नेते, असा इशारा त्यांनी दिला होता. मुदतीत होणारी निवडणूक, निर्भय न्यायालय, जिवंत विरोधी पक्ष आणि अल्पसंख्याकांचे हक्क यांतच अविरोध आणि अविहिंसा यांना आधुनिक रूप मिळते. हे बांध फोडून जो धर्मिष्ठ समाज उभारू पाहतो, त्याचे पहिले बळी दुर्बल ठरतात, आणि अखेरीस बळी जातो तो धम्माच्या नावाचा.

त्या जुलैमध्ये कोलंबोत अनेक सिंहली बौद्ध कुटुंबांनी तमिळ शेजाऱ्यांना आपल्या घरात लपविले, जमावाला दारातून परत पाठविले आणि त्यासाठी स्वतःचे प्राण धोक्यात घातले. त्यांची नावे कोणत्याही वंसग्रंथात नाहीत. बौद्ध राष्ट्रांचा इतिहास लिहिताना राजांच्या दानाची आणि भाषणांची जशी आम्ही नोंद करतो, तशी या दारांचीही केली पाहिजे. अवैर म्हणजे काय, हे कामाकुराच्या शिळेवर वाचता येते. पण ते आचरले गेले ते या उंबरठ्यांवर.